रामकुंडातली नाणी आणि न चिकटणारे पाच रुपये

प्रश्न : रामकुंडावर मुलं दोरीला लोहचुंबक बांधून पाण्यातली नाणी काढतात. मी घरी ट्राय केलं तर रुपया, दोन रुपये चिकटले पण पिवळं पाचचं आणि जुनं जाडजूड पांढरं पाचचं अजिबात नाही. असं का? (इयत्ता सातवी, पंचवटी)

उत्तर : भारी विचारलंस. चुंबक धातूला चिकटतं असं सगळे सर्रास म्हणतात पण ते काही खरं नाही, सोनं, चांदी, तांबं, पितळ, ॲल्युमिनियम यातलं काहीच चिकटत नाही, चिकटणारे नेहमीचे धातू तीनच, लोखंड, निकेल आणि कोबाल्ट. हल्लीचे रुपया-दोन रुपये स्टेनलेस स्टीलचे, म्हणजे बहुतेक लोखंडच, म्हणून ते टपकन चिकटतात. पिवळ्या पाचात तांबं आणि जस्तच जास्त, निकेल जेमतेम 5 टक्के.

पण त्या जाड पाचात 75 टक्के तांबं आणि तब्बल 25 टक्के निकेल असतं, मग ते तरी चिकटायला हवं ना? नाही चिकटत. निकेलचा अणू म्हणजे एक छोटंसं चुंबकच, पण शेजारच्या अणूंची तोंडं एकाच दिशेला असली तरच बाहेर जोर जाणवतो, आणि तांबं एवढं मिसळलं की ते सगळं बिघडतं. म्हणजे नुसतं काय घातलंय ते बघून भागत नाही, अणू कसे बसलेत तेही बघावं लागतं. घरातली स्टीलची ताटं तपासून बघ, त्यात लोखंड भरपूर असूनही बऱ्याच ताटांना चुंबक चिकटत नाही, पण दुमडलेल्या काठाशी नेलं की कधीकधी किंचित ओढ जाणवते, कारण ठोकताना-वाकवताना तिथली अणूंची बैठक बदललेली असते. (आईला विचारून कर, ओरडा मला नको.)

प्रश्न : चुंबकाचे दोन तुकडे केले तर एक नुसता उत्तर ध्रुव मिळेल का?

उत्तर : नाही. प्रत्येक तुकड्याला परत दोन्ही ध्रुव. कितीही बारीक कर.

प्रश्न : गोदावरीच्या वाळूत चुंबक फिरवलं तर काळी भुकटी चिकटते, ते लोखंड आहे का?

उत्तर : शुद्ध लोखंड नाही, मॅग्नेटाइट, म्हणजे लोखंड आणि ऑक्सिजन मिळून झालेलं खनिज. ब्रह्मगिरी, पांडवलेणी, आपला सगळाच परिसर साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या काळ्या दगडाचा, तो झिजून हे कण नदीत येतात. आणि खरी धमाल पुढेच आहे, लाव्हा थंड होताना या कणांत तेव्हाच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा कायमची गोठली, ती मोजूनच शास्त्रज्ञांना कळलं की तेव्हा आपला भूभाग विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता!

भुकटी गोळा करायची तर आधी चुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घाल, मग वाळूत फिरव आणि कागदावर धरून चुंबक पिशवीतून बाहेर काढ, सगळे कण आपोआप खाली पडतात. उघडं चुंबक वाळूत घातलंस तर नंतर ते कण नखाने खरवडत बसशील.