सापाला एवढे मणके येतात कुठून?

प्रश्न : दिंडोरीकडे आमच्या द्राक्षबागेच्या बांधावर धामणीचा सांगाडा सापडला. मुलगा मणके मोजायला बसला, दोनशेच्या पुढे गेला आणि दमला. माणसाला 33 आणि सापाला एवढे, हे अंड्यात ठरतं कसं? – एक वाचक, नाशिक

उत्तर : आधी मुलाला शाबासकी द्या, दोनशेपर्यंत मोजणं सोपं नाही! आता तुमच्याकडची खुडूक कोंबडी डोळ्यासमोर आणा. ती अंड्यांवर बसली की साधारण एक दिवसाने आतल्या गर्भाच्या पाठीवर, मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना, गोळ्यांची पहिली जोडी दिसते, मग दर 90 मिनिटांनी मागे शेपटीकडे नवी जोडी पडत जाते. हे सोमाइट. यांच्यातूनच मणके, फासळ्या, पाठीचे स्नायू होतात. झेब्राफिशमध्ये जोडीला 30 मिनिटं लागतात, उंदरात 2 तास, माणसात 5 तासांच्या आसपास.

एवढं टायमिंग पाळतं कोण, तर पेशींच्या आतलं घड्याळ. एक जीन चालू होतो, त्याचं प्रोटीन बनतं, तेच प्रोटीन उलटून त्या जीनला बंद करतं, मग प्रोटीन मोडून संपलं की जीन परत चालू, असं चक्र फिरत राहतं. शेपटीकडून एक रासायनिक सिग्नल येत असतो, तो जिथे कमी पडतो तिथल्या पेशी घड्याळाच्या ठोक्याला एकत्र येऊन वेगळ्या होतात. शेपूट वाढते तशी ही हद्दही मागे सरकते. कूक (जीवशास्त्रज्ञ) आणि झीमन (गणितज्ञ) यांनी ही कल्पना 1976 मध्ये कागदावर मांडली होती, घड्याळाचा जीन मात्र 1997 मध्ये कोंबडीच्या गर्भात दिसला. मला हे फार भारी वाटतं, 21 वर्षं आधी नुसत्या विचाराने!

सापाचं काय, तर त्याचं घड्याळ वाढीच्या मानाने खूप जोरात चालतं, म्हणून तुकडे लहान पडतात आणि भरपूर पडतात. कॉर्न स्नेक नावाच्या सापात तीनशेच्या वर सोमाइट मोजलेत, उंदरात 65 च्या आसपास. कापायला मागे पेशी उरल्या नाहीत की काम थांबतं.

आणि एक सोमाइट म्हणजे एक मणका असं नाही हं, एकाचा मागचा अर्धा आणि त्याच्या मागे असलेल्याचा पुढचा अर्धा जुळून मणका होतो, त्यामुळे स्नायू दोन मणक्यांना धरतो आणि पाठ वाकते.

मुलगा परत मोजायला बसला तर फासळ्या कुठे संपतात ते बघायला सांगा, तिथून शेपूट सुरू. ती जागा हॉक्स जीन्स (शरीराचा कुठला भाग कुठे हे सांगणारे जीन) ठरवतात, घड्याळ नाही.