दिवंगत वडिलांसाठी मरणोत्तर पदक मागताना

अर्ज लिहिण्यापूर्वी आपण नेमके काय मागत आहात हे ठरवावे; कारण मोहिमेतील सहभागाचे पदक सेवानोंदीवरूनच देय ठरते, तर शौर्यपदकासाठी त्या विशिष्ट कृतीची शिफारस लागते आणि बहुतेक प्रकरणे तिथेच अडतात.

अमेरिकी सैन्याचे उदाहरण घेऊ. तेथे १९७३ मध्ये सेंट लुईस येथील अभिलेखागाराला लागलेल्या आगीत १९१२ ते १९६० या काळात सेवामुक्त झालेल्या भूदल सैनिकांच्या सुमारे ८० टक्के नोंदी नष्ट झाल्या. त्यामुळे नोंद सापडली नाही म्हणून घटना घडलीच नाही, असे समजून आपण माघार घेऊ नये. तुकडीचे दैनंदिन अहवाल, इस्पितळाची कागदपत्रे आणि त्या काळी घरी आलेली पत्रे यांतून घटनाक्रम जुळवता येतो. सर्वांत वजन असते ते प्रत्यक्षदर्शी सहकाऱ्याच्या शपथपत्राला. असा कोणी हयात असेल, तर बाकीची कामे बाजूला ठेवून आधी त्यांना गाठावे. मुदत उलटलेल्या शिफारशीचा विचार तेथे काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, सदस्यामार्फत करवून घेता येतो. ‘पर्पल हार्ट’ या युद्धात जखमी वा ठार झालेल्यांसाठीच्या पदकाची गोष्ट वेगळी; त्याला शिफारस नव्हे, तर शत्रूच्या कारवाईत जखम झाल्याचा आणि त्यावर उपचार झाल्याचा पुरावा लागतो.

निवेदनातील विशेषणे मात्र निर्दयपणे गाळावीत (मुलांना हे जड जाते, मलाही गेले होते) आणि तारीख, ठिकाण, तुकडी एवढेच ठळक ठेवावे. मूळ कागद कधीही पाठवू नयेत.