काँक्रीटमध्ये स्टील फायबर (बारीक पोलादी तारा) टाकलं म्हणून रिंगा (सळ्यांना वेढणाऱ्या कड्या) कमी करू नकोस
अरे, पहिलं हे डोक्यातून काढ की फायबरने काँक्रीटची क्यूब स्ट्रेंथ (ठोकळा दाबून मोजलेली ताकद) खूप वाढते, तसं होत नाही, खरी मजा तडा गेल्यानंतर आहे, फायबरच्या हुकवाल्या तारा तड्याच्या दोन्ही बाजू धरून ठेवतात आणि हळूहळू उपसल्या जाताना भूकंपाची एनर्जी खातात, म्हणून बीम-कॉलम जॉइंटला फायदा दिसतो. व्हॉल्यूमने 1% म्हणजे घनमीटरला साधारण 78 किलो, एवढ्यात स्लम्प (ओल्या काँक्रीटचा सैलपणा) कमी होतोच, तेव्हा पाणी अजिबात वाढवू नको, सुपरप्लास्टिसायझर (पाणी न वाढवता काँक्रीट सैल करणारं रसायन) वापर आणि फायबर थोडं थोडं सोड, नाहीतर गोळे होतात. आणि हात जोडून सांगतो, आयएस 13920 (भूकंपरोधक काँक्रीट बांधकामाचं भारतीय मानक) प्रमाणे रिंगा, 135 अंशाचे हुक, ते सगळं तसंच राहू दे.