कॅलिफोर्नियात वर्कशीट राहिली म्हणून रिसेस बंद करता येते का?

पुण्याहून सॅन होजेला नुकतेच आलोय, दुसरीतल्या मुलीची वर्कशीट अपुरी राहिली की टीचर तिला रिसेसला, म्हणजे खेळायच्या सुट्टीला, बाहेर सोडत नाहीत, हे नियमात बसतं का, असं तुम्ही विचारलंय.

शाळा सार्वजनिक असेल तर नाही बसत. २०२३ साली सिनेट बिल २९१ मंजूर झालं आणि २०२४-२५ पासून लागू झालं. किंडरगार्टन ते सहावीच्या मुलांना रोज किमान ३० मिनिटं रिसेस, शाळा लवकर सुटते त्या दिवशी १५. ती एकदम द्या नाहीतर तुकड्यातुकड्याने, पण जेवणाची सुट्टी त्यात धरायची नाही. रिसेस अडवायला एकच कारण चालतं: मुलाच्या बाहेर जाण्याने त्याला किंवा इतरांना तात्काळ शारीरिक धोका असणं. अपुरी वर्कशीट त्यात कुठेच येत नाही. पूर्वी मात्र शिक्षेसाठी रिसेस कमी करण्याचे नियम करायची मुभा स्कूल डिस्ट्रिक्टना (त्या त्या भागातल्या सार्वजनिक शाळा चालवणाऱ्या संस्थांना) होती, त्यामुळे जुन्या शिक्षकांच्या हातून ही सवय अजून सुटलेली नसते.

पीईचं (शारीरिक शिक्षणाच्या तासाचं) खातं वेगळं. पहिली ते सहावीला दर १० शालेय दिवसांत २०० मिनिटं, रिसेस आणि जेवण वगळून. म्हणजे सरासरी दिवसाला २० मिनिटं. मला तरी हे कमीच वाटतं. तेवढीही मिळत नाहीत म्हणून इथल्या पालकांनी डिस्ट्रिक्टना कोर्टात खेचलं होतं आणि २०१५ मध्ये ३७ डिस्ट्रिक्टशी तडजोड झाली. शिक्षकांनी पीईच्या मिनिटांची नोंद ठेवायची असं ठरलं. माझा मुलगा चौथीत आहे, त्याच्या वर्गाचं पीईचं वेळापत्रक एका ईमेलवर मिळालं. तुम्हीही मागा.

रिसेसबद्दल आधी टीचरलाच साधा ईमेल करा: ‘राहिलेलं काम घरी पाठवा, आम्ही करून घेतो.’ सोबत एज्युकेशन कोड ४९०५६ (वरच्या रिसेसच्या कायद्याचं कलम) एवढा उल्लेख पुरे. बहुतेकदा तिथेच मिटतं, नाहीतर प्रिन्सिपल. पीईची मिनिटं भरत नसतील तर डिस्ट्रिक्टकडे ‘युनिफॉर्म कम्प्लेंट’ (रीतसर तक्रार) करता येते, तिला फी नाही.

आणि एक, जरा स्पष्टच बोलतो. आपल्यातलेच काही आईबाबा पेरेंट-टीचर मीटिंगमध्ये सांगून येतात, ‘आधी काम पूर्ण करून घ्या, मग खेळायला सोडा.’ तुमच्या घरातून कोणी तसं बोललं नाही ना, हे ईमेल पाठवायच्या आधी विचारून घ्या.