डोंगरातली सायकल : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आम्ही चार मित्र साताऱ्याहून यवतेश्वर घाटाने कास आणि पुढे बामणोलीला जाऊन त्याच दिवशी परतणार आहोत. पाणी किती न्यावं? वाटेतल्या झऱ्याचं चालेल का? – एक वाचक, कोरेगाव

उत्तर : चढणीला माणशी तासाला अर्धा ते पाऊण लिटर धरा. या वाटेवर बहुतेकांचा हिशेब कासला चुकतो, कारण तिथे चढ संपल्यासारखा वाटतो. कास सुमारे 1200 मीटर उंचीवर आणि बामणोली शिवसागर जलाशयाच्या काठाला, म्हणजे 500 मीटरहून जास्त खाली. जेवढं उतरलात तेवढं परत चढायचंय, तेही बहुधा भर दुपारी. निघताना माणशी 3 लिटर पाणी घ्या आणि बामणोलीत तहान नसली तरी सगळ्या बाटल्या काठोकाठ भरा. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यासाठीच असतं. अर्ध्या लिटरच्या बाटलीत अख्खं ओतलं तर द्रावण खारट होतं आणि उलटीची भावना होते.

आता झऱ्याचं. पठारावरचा जांभा सच्छिद्र असतो. पावसाचं पाणी त्यातून मुरतं, खालच्या चिकण थरावर अडतं आणि कड्याच्या पायथ्याशी पाझरतं. म्हणून एप्रिलमध्ये वर गवत करपलेलं असलं तरी जांभ्याच्या कड्याखाली एखादी हिरवी पट्टी दिसते, त्यात उंबर किंवा जांभूळ हमखास. पाणी असलं तर तिथे असतं. पण गुरंही तिथेच येतात, तेव्हा निथळ दिसतं म्हणून ओंजळ लावू नका. चौपदरी सुती कापडातून गाळा आणि खळखळून उकळी फुटल्यावर मिनिटभर तसंच उकळू द्या. उकळायची सोय नसेल तर क्लोरीनच्या गोळ्या वापरा. प्रमाण पाकिटावरचंच ठेवा आणि किमान अर्धा तास थांबा. गढूळ पाण्यात क्लोरीन मातीवरच खर्ची पडतं, त्यामुळे आधी गाळणं सोडू नका. तुरटीने गाळ बसतो, जंतू मरत नाहीत. कास तलावातून सातारा शहराला पाणी जातं, त्यात पाय किंवा सायकल धुऊ नका.

प्रश्न : वाट चुकली तर ओढ्याच्या कडेने खाली उतरत जावं, गाव लागतंच, असं आमच्यातला एक जण म्हणतो. बरोबर आहे का? – एक वाचक, कराड

उत्तर : सपाट मुलखात ठीक. सह्याद्रीत हाच सल्ला जिवावर बेततो. आपले डोंगर लाव्ह्याच्या थरावर थर साचून झालेत, म्हणून उतारालाही पायऱ्या आहेत. ओढा थोडा वेळ सरळ वाहतो आणि मग कड्यावरून खाली कोसळतो. तुम्ही सायकल घेऊन दोन पायऱ्या उतरता, तिसरीवर कडा लागतो आणि मागे शेवाळलेला खडक चढवत नाही. चुकल्याचं लक्षात येताच, शेवटची ओळखीची खूण होती तिथपर्यंत आलेल्या वाटेने मागे फिरा. ते जमत नसेल तर ढोरवाट धरा. ताजं शेण असलेली आणि हळूहळू रुंद होत जाणारी वाट वाडीकडे जाते, अरुंद होत झाडीत विरणारी चरणीकडे. विजेच्या तारा दिसल्या तर त्यांचा माग सोडू नका. चाळकेवाडीच्या बाजूला पवनचक्क्यांपर्यंत कच्चे रस्ते गेलेत, ते शेवटी डांबरीला मिळतात.

धुक्यात मात्र हलू नका. शिट्टीचे तीन आवाज, मिनिटभर थांबा, पुन्हा तीन. चुकामूक होऊच नये म्हणून एकच नियम पाळा : प्रत्येक फाट्यावर पुढच्याने थांबायचं आणि शेवटचा गडी दिसल्याशिवाय निघायचं नाही. नकाशा घरूनच मोबाइलमध्ये उतरवून घ्या, दऱ्यांत रेंज मिळेलच असं नाही. मोबाइलची बॅटरी, शिट्टी आणि टॉर्च चौघांत मिळून नको, प्रत्येकाकडे हवी.

प्रश्न : पंक्चर काढलं की थोड्या अंतरावर पुन्हा होतं. ट्यूब नवी, टायर 29 बाय 2.2. – एक वाचक, वाई

उत्तर : ट्यूब काढायच्या आधी व्हॉल्व्हसमोर टायरवर खडूने खूण करा. मग ट्यूबवरचं भोक टायरच्या नेमक्या कुठल्या जागी येतं ते कळतं. बाभळीचा काटा बहुतेक वेळा आत मोडून राहतो. बाहेरून दिसत नाही, बोटालाही लागत नाही. टायर आतून उलटा करून कापूस फिरवा, तो जिथे अडकेल तिथे काटा. चिमट्याने आतल्या बाजूने ओढून काढा.

शेजारी शेजारी दोन भोकं असतील तर काटा निर्दोष आहे. हवा कमी होती आणि दगडावर रिमने ट्यूब चावली. 70 किलोच्या माणसाला या टायरमध्ये ट्यूब असताना साधारण 28 ते 32 पीएसआय ठेवा, मागच्यात थोडी जास्त. भोक रिमच्या बाजूला असेल तर रिम टेप सरकलेली असते.

ठिगळ निघून येतं याचं कारण बहुधा घाई. ठिगळाहून थोडी मोठी जागा पॉलिश पेपरने निस्तेज होईपर्यंत घासा, सोल्युशन पातळ लावा आणि ओलसर चकाकी जाईपर्यंत, चार-पाच मिनिटं, थांबा. फुंकर मारू नका, तोंडातला ओलावा बसतो. टायरची बाजूच फाटली असेल तर ज्यूसच्या खोक्याचा तुकडा आतून घाला आणि हवा कमी ठेवून घर गाठा. चेनसाठी तुमच्या गिअरसंख्येचीच जोडकडी न्या, नऊची दहाला बसत नाही.

प्रश्न : सज्जनगडाहून उतरताना डिस्क ब्रेकला जळका वास येतो. पाणी ओतावं का? – एक वाचक, परळी

उत्तर : नको, रोटर म्हणजे ब्रेकची तबकडी वाकते. थांबा आणि गार होऊ द्या. सतत हलका दाबून उतरल्याने पॅड काचेसारखे होतात आणि मग पकडत नाहीत. वळणाआधी दोन्ही ब्रेक जोरात दाबा, वेग घटला की पूर्ण सोडा. हायड्रॉलिक लिव्हर गार झाल्यावरही मऊच लागत असेल तर ब्लीड करून, म्हणजे ब्रेकच्या तेलातली हवा काढून घ्या.

प्रश्न : रानमेव्यावर दिवस निभतो का? – एक वाचक, मेढा

उत्तर : नाही. करवंदं, जांभळं, तोरणं, आळू चवीपुरते खा. तासाला एक केळं आणि गुळाचा खडा, हा खरा शिधा. कंदी पेढेही चालतील, तहान वाढवतात एवढंच. ओळख पक्की नसेल तर तोंडात घालू नका. माकडं खातात म्हणून आपल्यालाही चालतं, हा समज चुकीचा आहे. मोगली एरंडाच्या बिया चवीला बऱ्या लागतात आणि मग उलट्या-जुलाब थांबत नाहीत. गुंज आणि पावसाळ्यात फुलणारी कळलावी ही तर जालीम विषं. अळंबीच्या वाट्याला जाऊच नका. खाजकुयली लागली तर चोळू नका, कुसं चिकटपट्टीने उचला आणि मग साबणाने धुवा.

प्रश्न : फुरसं चावलं तर जखमेच्या वर घट्ट बांधावं ना? – एक वाचक, पाटण

उत्तर : बांधू नका, चिरू नका, चोखू नका. अंगठी आणि घड्याळ काढा, अवयव न हलवता आधार देऊन ठेवा आणि 108 ला फोन करा. चावलेल्या माणसाला चालवू नका, सायकलवर तर बसवूच नका. गाडी पोचेल अशा रस्त्यापर्यंत उचलून न्या आणि चावल्याची वेळ लिहून ठेवा, डॉक्टर पहिलं तेच विचारतात.

प्रश्न : कास पठारावर, फुलं नसताना, सायकल घालता येईल? – एक वाचक, सातारा

उत्तर : नाही. जांभ्यावर माती बोटभरच आहे आणि पुढच्या वर्षीचे कंद त्यातच असतात. डांबरी रस्ता सोडू नका.