गोल कुणाच्या नावावर?

प्रश्न : सर, माझा भाचा फुटबॉल खेळतो, लेफ्ट बॅक म्हणजे डाव्या बाजूचा डिफेंडर आहे. गेल्या वर्षापासून परराज्यातल्या एका व्यावसायिक क्लबकडून खेळतो. करार आहे, पगार वेळेवर मिळतो. यंदा मात्र टीम सारखी हरतेय, पार तळाला गेलीय. मॅच संपली की कोच सगळ्यांसमोर एकेकाचं नाव घेऊन झाडतात. पत्रकारांनाही सांगतात, या पोरांना लाज राहिली नाही. पोरं म्हणतात, कोचलाच काही कळत नाही. भाचा रात्री अकरा-बाराला फोन करतो, 'मामा, माझ्याच बाजूनं गोल होतायत, पण चूक माझ्या एकट्याची नाही.' बहीण म्हणते, लेकराला घरी बोलवा. चूक कुणाची? मी त्याला काय सांगू?
– एक मामा, सेलू (जि. परभणी)

उत्तर : मामा, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. लेफ्ट बॅक म्हटलं की मला एक पोरगा आठवतो.

मी बरीच वर्षं छत्रपती संभाजीनगरला पोरांना फुटबॉल शिकवलं. एकदा आम्ही नांदेडला स्पर्धेला गेलो होतो. मे महिना, मुरमाचं मैदान, सकाळी नवालाच बूट तापायला लागलेले. आम्ही चार गोल खाल्ले, त्यातले तीन डाव्या बाजूनं. मॅच संपल्यावर मी आमच्या लेफ्ट बॅकला सगळ्यांच्या मधे उभं केलं आणि म्हणालो, 'तुझ्यामुळं हरलो.' त्याचे वडील एसटीनं डबा घेऊन आले होते, ते दोरीच्या पलीकडं उभे राहून ऐकत होते. पोरगा काही बोलला नाही. खाली बसून एका बुटाची नाडी सोडत राहिला. गाठ सुटत नव्हती, तरी त्यानं मान वर केली नाही.

आठ दिवसांनी त्या मॅचची कुणीतरी केलेली शूटिंग हाती आली. तिन्ही गोल एकाच छापाचे होते. समोरचा विंगर, म्हणजे कडेनं हल्ला करणारा खेळाडू, आणि त्याच्यामागून धावत आलेला त्यांचा बॅक, असे दोघं अंगावर आणि आमचा पोरगा एकटा. एकाला धरलं की दुसरा मोकळा. आमचा डावा विंगर मात्र सेंटर लाइनवर कमरेवर हात ठेवून उभा. का उभा होता? मीच त्याला सकाळी सांगितलं होतं, 'तू खाली येऊ नको, वरच थांब.' सांगून मी विसरून गेलो होतो.

मी त्या पोराच्या घरी गेलो, चुकलो म्हणून सांगितलं. त्याच्या आईनं चहा दिला. पोरगा म्हणाला, 'सर, मी आता बारावीचं बघतो.' तो परत मैदानावर आला नाही. ते मला अजून लागतं.

म्हणून भाच्याला आधी हे विचारा. तुझ्या बाजूनं झालेल्या शेवटच्या गोलाआधीचे पंधरा सेकंद तुला आठवतात का? जाळी हलते तेव्हा सगळ्यांना गोलकीपर आणि शेवटचा डिफेंडर तेवढे दिसतात. बॉल मधल्या फळीत कुणी गमावला, कडेवरून गोलपुढं बॉल टाकणाऱ्याच्या अंगावर कोण गेलं नाही, हे कुणी बघत नाही. दोघं अंगावर आले तर त्यानं कुणाला धरायचं आणि दुसऱ्याला कुणी, हे मॅचआधी ठरलं होतं का? ठरलं असेल आणि त्यानं केलं नसेल, तर चूक त्याची. मग कुणी विचारायच्या आधी त्यानं उठून 'माझा माणूस सुटला' म्हणावं. ठरलंच नसेल, तर सरावानंतर कोचला एकट्यानं गाठून विचारावं, 'सर, अशा वेळी मी कुणाला धरू?' ड्रेसिंग रूममध्ये चारचौघांत विचारू नये, कोचला ते आव्हान वाटतं.

कोच ओरडतात याचं मला फारसं काही वाटत नाही. बरोबर सांगणारा कोच ओरडला तरी पोरं सोसतात. पण पत्रकारांपुढं स्वतःच्या पोरांची लाज काढणं मला अजिबात पटत नाही. तिथं पोराला उत्तर देता येत नाही, आणि त्या दिवसापासून जो तो स्वतःपुरतं खेळायला लागतो. चेल्सी क्लबनं मे २०१५ मध्ये इंग्लंडची प्रीमियर लीग जिंकली. डिसेंबरात तेच कोच जोझे मोरिन्यो, बहुतेक तेच खेळाडू, आणि सोळापैकी नऊ मॅच हरून टीम सोळाव्या नंबरावर. लेस्टरकडून हरल्यावर मोरिन्यो जाहीरपणे म्हणाले की माझ्या कामाचा विश्वासघात झालाय. तीन दिवसांत त्यांना क्लब सोडावा लागला.

पण पोरांनाही मी मोकळं सोडणार नाही. त्याच लेस्टरनं त्या मोसमात लीग जिंकून दाखवली, आणि पुढच्या फेब्रुवारीत आपले कोच क्लाउडिओ रानिएरी यांना काढलं. चार दिवसांनी तीच टीम लिव्हरपूलशी जीव तोडून खेळली आणि ३-१ नं जिंकली. मग आधीच्या मॅचमध्ये ते पाय कुठं गेले होते? पगार घेणाऱ्या खेळाडूला कोच आवडो न आवडो, आपल्या माणसामागं पळणं चुकत नाही. हे भाच्याला स्पष्ट सांगा.

आणि रहीमसाहेबांची गोष्ट सांगा. सय्यद अब्दुल रहीम हैदराबादचे, मूळचे शिक्षक, पुढं भारताच्या फुटबॉल टीमचे कोच. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्यांच्या टीमनं युगोस्लाव्हियाकडून दहा गोल खाल्ले, १०-१. आपले बरेच खेळाडू अनवाणी खेळले होते. तेव्हा आपला मराठवाडाही हैदराबाद राज्यातच होता, म्हणून मला ती हार घरातली वाटते. त्या दहा गोलांसाठी पोरांची लाज काढणं सोपं होतं. पण त्यानंतर बूट सक्तीचे झाले, आणि रहीमसाहेबांनी खेळायची पद्धतच नव्यानं बसवली. १९५६ च्या नोव्हेंबरात मराठवाडा हैदराबाद सोडून मुंबई राज्यात आला, आणि त्याच सुमाराला मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारतानं ऑस्ट्रेलियाला ४-२ हरवून उपांत्य फेरी गाठली.

१९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत तर पहिलीच मॅच दक्षिण कोरियाकडून ०-२ हरलो. पुढं जर्नेल सिंग यांच्या डोक्याला लागलं. हा कसलेला डिफेंडर, पण त्या दुखापतीमुळं रहीमसाहेबांनी त्यांना पुढं फॉरवर्ड म्हणून खेळवलं. फायनलला परत तेच कोरिया. पी. के. बॅनर्जी यांनी एक गोल केला, दुसरा जर्नेल सिंग यांनी. २-१, सोनं आपलं. रहीमसाहेब तेव्हा कॅन्सरनं खंगलेले होते, पुढच्याच वर्षी गेले.

भाच्याला एक वही घ्यायला सांगा. मॅचच्या रात्री फोन करण्याआधी तीन ओळी लिहायच्या: गोल कितव्या मिनिटाला झाला, मी कुठं होतो, कुठं असायला पाहिजे होतो. दुसऱ्या कुणाचं नाव त्यात येऊ द्यायचं नाही. सराव सुरू व्हायच्या आधी त्या ओळी कोचला दाखवायच्या.

करार संपेपर्यंत त्याला घरी बोलवू नका. पण जेवण तुटलं असेल, झोप येत नसेल, तर कशाचीही वाट न बघता सेलूहून गाडी धरा आणि त्याच्याजवळ दोन दिवस राहून या. ताईंनाही सोबत न्या.

प्रश्न : हाफ टाइमला पोरांना नेमकं काय सांगावं? मी शाळेत खेळ शिकवतो. टीम मागं पडली की मला फार बोलावंसं वाटतं.
– एक शिक्षक, अंबाजोगाई

उत्तर : मोठ्या मॅचलाही हाफ टाइम जास्तीत जास्त पंधरा मिनिटांचा. त्यातली पहिली पाच पोरांना पाणी पिऊ द्या, दम खाऊ द्या, तुम्ही गप्प राहा. मग दोनच गोष्टी सांगा. २००५ च्या चॅम्पियन्स लीगच्या इस्तंबूलच्या फायनलला लिव्हरपूल मिलानविरुद्ध ०-३ नं मागं होतं. कोच राफा बेनितेझ यांनी मधल्या फळीतल्या हामानला आत आणलं, मागं तीन डिफेंडर ठेवले आणि मिलानच्या 'काका' नावाच्या खेळाडूची वाट अडवली. पुढं सहा मिनिटांत तीन गोल झाले, आणि पेनल्टीवर लिव्हरपूल जिंकलं. तुमच्या पोरांनाही असंच सांगा, कुणी कुठं उभं राहायचं आणि कुणाला धरायचं. मग ज्याला सांगितलं, त्याच्याकडून एकदा वदवून घ्या आणि मैदानात सोडा.