मांडवाची तार

‘ताई, लग्नाला नऊ वर्षं झाली. मी नवऱ्याला मारते. आधी ताट फेकलं, मग थोबाडीत, गेल्या आठवड्यात उलथनं मारलं. यांच्या हाताला टाके पडले. दवाखान्यात यांनी “द्राक्षबागेत मांडवाची तार लागली” म्हणून सांगितलं. हे कधी उलटून हात उचलत नाहीत. “कुठं बोललात तर मीच केस करीन,” असंही मी एकदा म्हणाले. माझे वडील आईला मारायचे. बागेचं कर्ज आहे, जीव थकतो. पण मी अशी का झाले?’
– तासगाव तालुक्यातली एक वाचक

असं पत्र लिहायला धीर लागतो. तो तू केलास, म्हणून मीही आडपडदा न ठेवता लिहिते.

टाक्यांपेक्षा मला ती तार जास्त टोचली. तुझी आईही ‘मोरीत घसरले’ म्हणून सांगायची का गं?

राग आला की हात उचलायचा, हे तू माहेरी बघत वाढलीस. त्यात छाटणी, औषधं, अवकाळी, सोसायटीचा हप्ता. सगळं खरं आहे. पण तोच हप्ता त्याच्याही डोक्यावर आहे. आणि सोसायटीच्या सचिवाचा कितीही राग आला तरी त्याच्यावर तुझा हात उठत नाही. म्हणजे तुला आवरता येतं. घरात तू आवरत नाहीस, कारण इथं चालून जातं.

अमेरिकेतले समाजशास्त्रज्ञ मायकेल जॉन्सन यांनी १९९५ मध्ये एक फरक मांडला. भांडण हाताबाहेर जाऊन झालेली मारहाण वेगळी, आणि माणसाला कायम धाकात ठेवणारी वेगळी. तुझं कुठलं? तुझी चाहूल लागली की तो गप्प होतो का? बहिणीला फोन चोरून करतो का? केसची धमकी तर धाकातच मोडते. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली पीडित म्हणून बाईच दाद मागू शकते. तो कायदा तुझ्या आईसारख्या बायकांसाठी झाला. त्याची काठी करून नवऱ्यावर उगारू नकोस. दुखापत करणं हा गुन्हाच आहे, करणारी बाई असली तरी; आणि क्रूरतेवरून हिंदू विवाह कायद्याखाली नवराही घटस्फोट मागू शकतो.

आज रात्री त्याच्याजवळ बस. ‘मी तुम्हाला मारलं, माझं चुकलं. केसचं बोलले तेही चुकलं,’ एवढंच म्हण. ‘पण तुम्हीही’ ओठावर आलं तर गिळून टाक. लगेच माफी मिळेल असं धरून चालू नकोस. चार दिवस बहिणीकडं जातो म्हणाला तर अडवू नकोस.

टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला १४४१६ वर फोन कर. मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. मिरजेच्या सिव्हिलमध्ये मानसोपचाराच्या डॉक्टरांना भेट. एकटीच जा. दोघांनी मिळून समुपदेशनाला बसायची घाई नको, कारण घाबरलेला माणूस तुझ्यादेखत खरं बोलणार नाही. कान तापले, दात आवळले गेले की हातातलं खाली ठेवून बाहेर पड. जाताना ‘थोड्या वेळानं येते’ एवढं सांग, नाहीतर तू कधी परत येशील या धास्तीत तो बसेल.

आणि टाके काढायला तो जाईल तेव्हा पुन्हा तारेचं सांगायची पाळी त्याच्यावर आणू नकोस. त्याला डॉक्टरांना खरं सांगावंसं वाटलं, तर सांगू दे.